आधी मोर्स, मग ये!

मंडळी, शहापूरहून मुरबाडकडे जाताना मोबाइलची रेंज कुठे ना कुठे जातेच. डोंगराची कूस आली की फोन मुका. अशा मुलखात ज्याच्या घरी हौशी बिनतारी संच आहे, परवाना आहे आणि छपरावर तार ताणलेली आहे, असा माणूस ऐन पावसाळ्यात गावाच्या उपयोगी पडतो. पण अशी माणसे किती थोडी! आणि ती थोडी राहण्यात आम्हा जुन्या हौशी मंडळींचाही हात आहे.

तुमच्यापैकी काहींना तारऑफिस आठवत असेल. कडकट्ट, कडकट्ट! ठिपका आणि रेघ, एवढ्यावर सारी इंग्रजी अक्षरे बसवलेली. आपली तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, पण मोर्सची ही भाषा हौशी रेडिओवर अजून नांदते, आणि उगीच नाही. माणसाच्या बोलण्याला लहरींच्या पट्ट्यात सुमारे अडीच हजार हर्ट्झ जागा लागते. मोर्सचे शे-दीडशेत भागते. म्हणून क्षीण संदेशसुद्धा खरखरीतून कानाला वेगळा काढता येतो. बॅटरी उतरत आली म्हणजे याचे मोल कळते.

लघुलहरींवर बोलायचे तर मोर्सची परीक्षा द्यायची, असा दंडक पूर्वी जगभर होता. 2003 साली जिनीव्हाच्या परिषदेने तो ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडला. अमेरिकेने 2007 मध्ये अट काढूनच टाकली. आपल्याकडे मधला मार्ग निघाला: प्रतिबंधित श्रेणीला मोर्स नको, वरच्या सर्वसाधारण श्रेणीला मिनिटाला आठ शब्द.

नियम सैल झाले. आमची मने मात्र लवकर सैल होईनात. माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी मुरबाडकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. घरी भातशेती. मोडक्या ट्रान्झिस्टरमधून वेचलेल्या सुट्या भागांची डबी त्याने बरोबर आणली होती. "सर, मला हॅम व्हायचंय." मी प्राध्यापकी सुरात म्हणालो, "आधी मोर्स पाठ कर, मग ये." त्याला मोर्सवाचूनही परवाना मिळू शकत होता, आणि ते मी सांगितलेच नाही! मिनिटाला पाच शब्दांसाठी मी रात्री जागवल्या, मग याने का जागवू नयेत, हा माझा हेका. तो पुन्हा आला नाही.

गंमत अशी, की मोर्सवाल्यांचीच एक रीत याहून शहाणी आहे. नवखा अडखळू लागला की 'क्यू आर एस' असे कळवतो. म्हणजे 'सावकाश पाठवा'. मग मिनिटाला पंचवीस शब्द टिपणारा मुरलेला गडीही निमूटपणे त्याच्या चालीने चालतो. ही रीत मला कानाने पाठ होती, वागण्यात तेवढी आली नव्हती.

आता कोणी आले की आधी मी त्याला संच ऐकायला बसवतो. बारा वर्षे पुरी झाली असली की परीक्षेला बसता येते, हे सांगतो. मोर्सची कळ टेबलावर असतेच. कोणी आपण होऊन हात लावला, तर शिकवतो. हे भाषण मुरबाडकडच्या त्या मुलापर्यंत पोचले, तर त्याने जरूर यावे. त्याची डबी त्या दिवशी माझ्याकडेच राहिली आहे.