वापरलेलं पाणी जातं कुठे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांत आपण पाण्यावरून किती भांडलो! टँकर, पंप, गच्चीवरची टाकी. पण वापरलेल्या पाण्यावर एकाही सर्वसाधारण सभेत चर्चा झाल्याचं आठवत नाही. टाकी तुंबली तेव्हाची आरडाओरड सोडा.

माणशी रोज 135 लिटर हा आपल्याकडचा मापदंड. सोसायटीत दोनशे माणसं धरली तर 27 हजार लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे दहा हजारी दोन टँकर, रोज!

जर्मनी, नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक घर प्रक्रिया केंद्राला जोडलेलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल सांगतो, की आपल्या शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं आणि प्रक्रिया होते 20,236 वर. बांधलेल्या केंद्रांची क्षमता मात्र 31,841! बांधलंय तेही पूर्ण चालत नाही.

मला जपानचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. जिथे गटारलाइन पोचत नाही तिथे ते घराशेजारी जमिनीत ‘जोकासो’ नावाची टाकी बसवतात. आत हवा सोडतात, जिवाणू पाणी साफ करतात. 2001 पासून नव्या टाकीत संडासाबरोबर मोरीचं, स्वयंपाकघराचं पाणीही घ्यावंच लागतं. वर्षातून एकदा तपासणी, तीही कायद्याने.

आपल्या सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, बाकी फार काही होत नाही. तो दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर पाण्याबरोबर बाहेर पडतो. मोरीचं पाणी तर थेट गटारात, तिथून नाल्यात, पुढे गाढीत. माथेरानच्या डोंगरातून येणारी ही नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते.

मी फाइल काढून पाहिली. आपला टँक शेवटचा उपसला त्याला सात वर्षं झाली. त्यातली चार वर्षं सेक्रेटरी मीच होतो, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही.

सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून सक्शनची गाडीच बोलवायची. आणि मैला कुठे रिकामा केला, याची लेखी पावती घ्यायची. मागच्या वेळी ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, “काका, ते नका विचारू.”

पुढच्या सभेत रंगकामाचं कोटेशन येणार आहे. त्याच्या आधी हा विषय घ्या, सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक कोण, ते आज जेवताना ठरवू.