एका उच्चांकाची नव्वद वर्षें

उन्हाळ्यांत पारा चढूं लागला, कीं जगांत सर्वांत अधिक उष्मा कोठें झाला असेल, ही चर्चा बहुतेक घरांतून निघते. या प्रश्नास ९० वर्षें एकच उत्तर मिळत होतें: लिबियांतील एल अझीझिया, ता. १३ सप्टेंबर १९२२, ५८ अंश सेल्सिअस. पुस्तकांमागून पुस्तकांत हा आंकडा उतरला; आणि वारंवार छापलेल्या गोष्टीविषयीं सहसा कोणी शंका घेत नाहीं.

एल अझीझिया हें त्रिपोलीच्या नैर्ऋत्येस सुमारें ४० किलोमीटरांवरील गांव. त्या काळीं तेथें इटालियन लष्कराचें ठाणें होतें व तापमापकही तेथेंच होता. जागतिक हवामानशास्त्र संघटनेनें २०१० ते २०१२ या काळांत चौकशी चालविली, तेव्हां मूळ नोंदवहीचें पान पुढें आलें. ११ सप्टेंबरपासून त्यांतील हस्ताक्षर निराळें होतें, आणि या नव्या लेखनिकानें कमाल व किमान तपमानांचे आंकडे भलत्याच रकान्यांत भरले होते!

उपकरणही फसवें होतें. त्याच्या नळींत पारा वर चढतांना एक बारीक कांडी पुढें ढकलतो. पारा उतरला तरी कांडी तेथेंच राहते. तिचें पाऱ्याकडील टोंक पाहून आंकडा वाचावयाचा असतो. या कांडीची लांबीच सुमारें ७ अंशांइतकी. सरावाचा माणूस येथें चुकत नाहीं. नवख्यानें वरचें टोंक वाचलें, तर कोणत्याही दिवसाचा उच्चांक करतां येईल! भरींत भर, ठाण्यांतील जमीन डांबरासारख्या काळ्या पृष्ठभागाची होती, आणि आसपासच्या ठाण्यांच्या नोंदींशीं हा आंकडा जुळत नव्हता.

तें पान शोधून देणारे खालिद एल फद्ली हे स्वतः लिबियाचेच हवामानशास्त्रज्ञ. २०११ च्या क्रांतींत कित्येक महिने त्यांचा ठावठिकाणा सहकाऱ्यांस कळेना. काम अडून राहिलें, आणि ते हयात तरी आहेत कीं नाहींत, हीच काळजी लागली. पुढें ते सुखरूप परतले. ज्या देशाचा मान जावयाचा, त्याच देशाच्या माणसानें पुरावा पुढें करावा, ही गोष्ट कोणत्याही उच्चांकाहून मोलाची म्हणावी लागेल.

१३ सप्टेंबर २०१२ रोजीं, म्हणजे बरोबर ९० वर्षांनीं, ती नोंद रद्द ठरली. मान गेला अमेरिकेंतील डेथ व्हॅलीकडे. समुद्रसपाटीहून खालीं असलेल्या या दरींत १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश नोंदले गेले होते. त्या आंकड्याविषयींही कांहीं अभ्यासकांनीं शंका काढल्या आहेत. संघटनेच्या यादींत मात्र तो अद्याप कायम आहे.