रसशाळेवाचून रसायन नाही
(शहादा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)

दहावीचा निकाल लागला की शहाद्यातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : अकरावी विज्ञानाला गणित घ्यावे की जीवशास्त्र? अभियंता की डॉक्टर हे आधी ठरते, विषय मागाहून. रसायनशास्त्र दोन्हीकडे अनिवार्य, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार कोणी करीत नाही. ज्या विद्यार्थ्याला मुळात रसायनाचीच ओढ आहे आणि ऑलिंपियाडची तयारी करावयाची आहे, त्याच्यापुढील प्रश्न मात्र निराळा आहे.

आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडचा आरंभ १९६८ साली प्राग येथे झाला. भारताने १९९९ मध्ये प्रथम भाग घेतला आणि २००१ साली मुंबईत यजमानपदही भूषविले. नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा, त्यातील निवडकांची वर्षारंभी दुसरी, पुढे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर आणि अखेर चार जणांचा संघ, अशी ही वाट आहे. अंतिम स्पर्धेत पाच तासांची लेखी आणि पाच तासांची प्रायोगिक परीक्षा असते. शंभरपैकी चाळीस गुण प्रयोगांचे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली गणिताची. अभिक्रियेचा वेग, ऊष्मागतिकी, स्फटिकांची रचना यांत लॉगॅरिदम, कलन आणि भूमिती पावलोपावली लागते. म्हणून रसायनाची आवड असणाऱ्याने गणित सोडू नये. झेपत असेल तर जीवशास्त्रही ठेवावे. राज्य मंडळात दोन्ही विषय एकत्र घेता येतात. आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेतील साठ प्रश्न चारही विषयांना प्रत्येकी पंधरा असे वाटलेले असतात. ज्याचे वैद्यकीय शिक्षणाचे ठरलेच आहे, त्याने जीवशास्त्र घ्यावे आणि आवश्यक तेवढे गणित स्वतंत्रपणे शिकावे.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. प्रवेश येथे नावापुरता आणि मुलगा दोन वर्षे परगावच्या शिकवणीत, ही पद्धत आता रूढ झाली आहे. घरची शेती राबून उभा केलेला पैसा त्यात जातो आणि ब्युरेट हाती न धरताच मूल बारावी होते. वास्तविक शहाद्याचा परिसर हीच मोठी प्रयोगशाळा आहे. उसाचा रस चुना आणि सल्फर डायऑक्साइड यांनी निवळतो, कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन मिळते, गोमाईच्या पाण्याची कठिणता अनुमापनाने मोजता येते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात रसशाळेच्या रचनेचे स्वतंत्र वर्णन आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये दोन खंडांत हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास जगापुढे मांडला. ते केवळ ग्रंथकार नव्हते. प्रयोगशाळेत हात काळे करणारे संशोधक आणि ‘बंगाल केमिकल्स’चे संस्थापक होते.

संघात चौघांनाच स्थान मिळते. निवड हुकली तरी वाया जाणार नाही, अशीच तयारी असावी. योग्य विषय आणि प्रयोगाची सवय विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरते. तेव्हा प्रवेश अर्ज भरताना पालक जसे शुल्क विचारतात, तसेच त्यांनी आग्रहाने म्हणावे : आधी प्रयोगशाळा उघडून दाखवा.