वळिवड्याहून आर्नोकाठी

(कोल्हापुरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'कमी खर्चात, एकटीने, पाठीवर सॅक टाकून युरोप' असा विषय पत्रिकेत छापून आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातायत. पैसे किती लागले? आणि भीती नाही वाटली? दोन्हींची उत्तरं मी देणार आहे. पण त्यांच्याआधीचा एक प्रश्न मला कुणीच विचारत नाही. कुठे जायचं, हे ठरवलं कसं? माझ्या मते खर्चाचं सगळं गणित तिथेच बसतं किंवा फसतं.

आपल्याकडे सहसा आधी यादी होते. पॅरिस, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिस, ॲमस्टरडॅम, प्राग. बारा दिवसांत आठ-नऊ शहरं. ही यादी कितीही काटकसरीने करायला घ्या, ती स्वस्त होत नाही. कारण तिथे पैसा जातो तो जागा बदलण्यात. दर वेळी गाडीभाडं, स्टेशनावरचं महागडं खाणं, सामान ठेवायच्या लॉकरचे पैसे, आणि नव्या गावात रात्री उतरलात की टॅक्सी. जी बाई चार रात्री एकाच गावात राहते तिला दुसऱ्या दिवशी कळतं की भाजी कुठे घ्यायची, तिसऱ्या दिवशी कळतं की ट्रामशिवाय चालतही जाता येतं. मुक्काम लांबला की रोजचा खर्च आपोआप उतरतो.

मी भूगोलाची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर युरोपचा नकाशा काढला, ऱ्हाइन आणि डॅन्यूब निळ्या खडूने रंगवल्या. जायचं ठरलं तेव्हा मी यादी केली नाही, नकाशावर दोन टिंबं काढली. दोन्ही आपल्या कोल्हापूरची.

पहिलं टिंब पोलंडचं. माझं आजोळ गांधीनगरच्या अलीकडे. आज आपण कापड घ्यायला गांधीनगरला जातो. फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं वसली, आणि त्याआधी तिथेच वळिवड्याची पोलिश छावणी होती. १९४० साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात नेली. त्यांतली काही इराणमार्गे बाहेर पडली, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, वळिवड्याला राहिली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. माझी आजी त्या छावणीत भाजी विकायची. ती सांगायची, त्या बाया करंजीसारखं काहीतरी करतात, पण तळत नाहीत, पाण्यात उकडतात. आम्हा नातवंडांना ते खोटंच वाटायचं.

दुसरं टिंब इटलीतलं, फ्लोरेन्सचं. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय फक्त वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला आणि तिथे त्यांची छत्री उभी आहे. शाळेत असताना हे ऐकलं होतं. कुणी पाहून आलेलं मात्र भेटलं नव्हतं.

दोन टिंबं रेघेने जोडली आणि त्या रेघेवरची गावं घेतली. व्हिएन्ना तीन रात्री, चेक देशातलं ओलोमोउत्स तीन, क्राकूव्ह सहा, एक रात्र रेल्वेत, बुडापेस्ट चार, स्लोव्हेनियाचं ल्युब्लियाना चार, फ्लोरेन्सशेजारचं प्रातो सहा आणि शेवटी रोम पाच. एकूण बत्तीस. पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही. मला त्याची चुटपुट लागली नाही. ही रेघ मुख्यतः मध्य युरोपातून गेली आणि तिथे राहणं-खाणं पॅरिस किंवा झुरिकच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे, हा तिचा मोठा फायदा.

आता व्हिसा. इथे जरा थांबते, कारण लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसांतल्या सीमा मोकळ्या करायचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज कुठे करायचा? पुष्कळांना वाटतं, विमान जिथे उतरतं तिथे. तसं नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. मी व्हिएन्नात उतरले, पण इटलीत अकरा रात्री होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात अर्ज द्यायची वेळच महिना-महिना मिळत नाही. फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही. विमा निदान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. माझ्या वेळी पासपोर्टवर शिक्का मारला गेला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा विमानतळावर वेळ हाताशी ठेवा.

आणि हात जोडून सांगते, कुणी व्हिसासाठी राहण्याचं खोटं बुकिंग करून देतो म्हणाला तरी घेऊ नका. मलाही एकाने ते सुचवलं होतं. रद्द करता येईल असं खरं बुकिंग मिळतं, ते करा. अर्जासोबत एक साधं पत्र जोडा. कोणत्या तारखेला कुठे, कशासाठी, पैसे कुठून, परत कशासाठी येणार. मी माझ्या पत्रात वळिवड्याची छावणी आणि महाराजांची छत्री दोन्ही लिहिली. खऱ्या कारणाचं पत्र लिहायला सोपं जातं.

राहण्याचं सांगते. रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळात सापडला आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, तिथे चालणाऱ्या मुलांना का राहू देऊ नये, हा विचार त्याला तिथे सुचला. त्यातून आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल निघालं. मी शिक्षिका, त्यामुळे या माणसाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. आज हॉस्टेलात खोली नाही, खाट भाड्याने मिळते. सहा-आठ जणांची डॉर्म, एकावर एक बंक, प्रत्येकाला लॉकर. कुलूप आपलं न्यायचं. फक्त बायकांची डॉर्म बहुतेक ठिकाणी असते. माझं वय बावन्न, शेजारच्या खाटेवर बावीस वर्षांची मुलगी, आणि काही अडलं नाही. बुकिंग करताना एकच गोष्ट पाहायची: स्वयंपाकघर आहे का.

कारण अर्धी बचत तिथे आहे. डाळ-तांदूळ युरोपातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. घरून मी मेतकूट, कांदा-लसूण मसाला आणि भाजणी नेली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच ठेवायचं. रात्री भात-आमटी करायची, दुपारी ब्रेड, चीज, फळं. पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नात १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं, आणि रोममध्ये रस्त्यारस्त्यावर अखंड वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. एक बाटली मी बत्तीस दिवस भरून वापरली.

प्रवासाची तिकिटं. रेल्वेचा युरेल पास १९५९ पासून आहे आणि त्याचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण आधी वही घेऊन हिशेब करा. महागड्या देशांत रोज लांबचा पल्ला असेल तर पास परवडतो. माझ्यासारखे बत्तीस दिवसांत सहा पल्ले असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. शिवाय फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात. स्वस्त विमानाचंही तसंच. 'पॅरिस' म्हणून विकलेला बोव्हे विमानतळ शहरापासून ८५ किलोमीटरवर आहे. व्हिएन्नाच्या विमानतळावरून शहरात जायला खास वेगवान गाडी आहे आणि साधी लोकलही. दोन्ही त्याच स्टेशनावर येतात, लोकलला सुमारे दहा मिनिटं जास्त आणि भाडं वेगवान गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

पैशाचा एक धडा मी किंमत देऊन शिकले. बुडापेस्टला एका एटीएमने विचारलं, रक्कम रुपयांत दाखवू का? आपले रुपये दिसताच बरं वाटलं, हो म्हटलं. त्यात हजारभर रुपये जादा गेले, कारण तो दर त्या यंत्राचा असतो, आपल्या बँकेचा नाही. असं विचारलं की नेहमी तिथलंच चलन निवडा. आणि सगळीकडे युरो चालत नाही हेही लक्षात ठेवा. माझ्या वाटेवरच चेक कोरुना, पोलिश झ्लोटी आणि हंगेरियन फोरिंट लागले.

आता आकडा सांगते. राहणं ८६० युरो, खाणं ४५०, गावोगावचा आणि गावातला प्रवास ३२०, संग्रहालयं वगैरे ११०. एकूण १७४०, म्हणजे दिवसाला ५५ युरोंच्या आत. विमान, व्हिसा, विमा धरून सगळं अडीच लाखांच्या आत बसलं. सप्टेंबर-ऑक्टोबर निवडला म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच खाटा बऱ्याच महाग असतात.

भीतीचं काय? वाटली. पहिल्या रात्री फार वाटली. मग काही नियम घालून घेतले. नव्या गावात उजेडी उतरायचं. पहिली खाट स्टेशनापासून चालत जाता येईल अशी. रोज रात्री ठरलेल्या वेळी घरी निरोप. पासपोर्टची प्रत सॅकमध्ये, मूळ अंगावर. गर्दीच्या ट्राममध्ये सॅक पुढे. ११२ हा मदतीचा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो. आणि सॅक आठ किलोंच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण एकटीचं ओझं उचलायला दुसरं कुणी नसतं. मी सह्याद्रीत ट्रेक केलेत, रांगण्याच्या किल्ल्यावर पावसात वाट चुकलेली आहे. त्यामानाने ल्युब्लियानाच्या स्टेशनावर वाट चुकणं सोपं होतं.

आता नकाशावरची ती दोन टिंबं. क्राकूव्हला 'बार म्लेचनी' म्हणतात ती साधी खानावळ असते. शब्दाचा अर्थ दूधगृह, सरकारी अनुदानामुळे जेवण स्वस्त. तिसऱ्या दिवशी मी तिथे शेजारणीच्या ताटाकडे बोट दाखवून तेच मागितलं. ताटात करंज्या आल्या. मुरड नसलेल्या, पाण्यात उकडलेल्या, आत बटाटा आणि चीज, वर परतलेला कांदा. पिएरोगी. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना मी फोनवर भाषांतर करून सांगितलं की पोलंडची पाच हजार माणसं माझ्या गावाजवळ राहिली होती आणि माझी आजी त्यांना भाजी द्यायची. त्यांनी वळिवड्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बसने आउशवित्झला गेले. तिथे एकट्याने पाहायला पैसे पडत नाहीत, पण नावाने वेळ आधी राखावी लागते. त्या जागेबद्दल आज मी बोलणार नाही.

प्रातोला मी राहिले कारण फ्लोरेन्समधल्या खाटा मला परवडत नव्हत्या आणि साध्या रेल्वेने ते अर्ध्या तासाच्या आत आहे. सहा दिवसांतला एक अख्खा दिवस मी छत्रीसाठी ठेवला होता. काशिने नावाचं मोठं उद्यान आहे, आर्नोच्या काठाकाठाने काही किलोमीटर लांब. त्याच्या पार पश्चिम टोकाला, मुग्नोने ओढा आर्नोला मिळतो तिथे, ती छत्री आहे. संगमावर. खांबांवरची, घुमटाची, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला फेटा. इंग्रज शिल्पकार फुलर यांनी तो १८७४ साली केला. पुढे जवळ बांधलेल्या पुलालाही तिथले लोक 'इंडियानो', म्हणजे त्या भारतीय माणसाचाच पूल म्हणतात. महाराजांनी त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती आणि ती १८७२ साली लंडनला छापली गेली. वीस वर्षांचा मुलगा, घरापासून इतका दूर. मी दोन तास बसून होते. सायकलवाले जात होते, एक आजोबा कुत्रा फिरवत होते. कुठल्याही सहलीची बस तिथे थांबली नाही.

तुमच्यापैकी जे जातील त्यांना वाट सांगून ठेवते. फ्लोरेन्सच्या मुख्य स्टेशनाजवळून ट्राम घ्या, काशिनेला उतरा, आणि नदी डाव्या हाताला ठेवून उद्यान संपेपर्यंत पश्चिमेकडे चालत राहा. घाई करू नका. त्या दिवशी माझा खर्च झाला तो प्रातोहून येण्याजाण्याचं भाडं, ट्राम, एक ब्रेड, चीज आणि अर्धा किलो द्राक्षं एवढाच. छत्री पाहायला तिकीट नाही.