कंपनी बसच्या खिडकीतून गाव दिसत नाही



आत्ता तुमच्यापैकी बरेच जण कंपनीच्या बसमध्ये असाल. कानात इयरफोन, डोकं खिडकीला टेकलेलं आणि बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये उभी. बरोबर ना? त्याच सीटवर मी तीन वर्षं काढलीत. चिंचवड ते चाकण, चाकण ते चिंचवड.

आज मात्र मी बोलतोय आइंडहोवनमधून. नेदरलँड्सच्या दक्षिणेचं हे गाव. फिलिप्स कंपनी 1891 मध्ये इथेच सुरू झाली आणि डाफचे ट्रकही इथलेच. थोडक्यात, आपल्या पिंपरी-चिंचवडचं लांबचं भावंड समजा. आजचा विषय आहे सायकल. घाबरू नका, फिटनेसवर लेक्चर देत नाहीये. परकं गाव आपलं कसं होतं, एवढंच सांगायचंय.

पहिले तीन महिने माझं आयुष्य म्हणजे फ्लॅट, बस, ऑफिस आणि परत फ्लॅट. आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, "गाव कसं आहे रे?" मी म्हणायचो, "छान आहे, स्वच्छ आहे." एक दिवस ती वैतागली. "अरे, छान म्हणजे काय? भाजी कुठून आणतोस? नदी-बिदी आहे का तिथे?" मला सांगताच येईना. कॉल संपल्यावर मॅप उघडला, तर नदी होती. डॉमेल तिचं नाव. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर! तीन महिने मी नदीकाठच्या गावात राहत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याकडून जुनी सायकल घेतली. गिअर नाहीत, हँडलही जरा वाकडं. पहिल्याच वळणावर सवयीने पायडल उलटं फिरवलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. इथल्या कितीतरी सायकलींना ब्रेक असा पायडलमध्येच असतो. मागून येणाऱ्या आजीबाईंनी घंटी वाजवली आणि मला ओलांडून निघून गेल्या. त्यात रस्त्याची उजवी बाजू धरायची, वळताना हात दाखवायचा. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांची टोकं तुमच्याकडे असली की थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. हे सगळं शिकता शिकता पंधरा दिवस गेले.

मग मजा सुरू झाली. इथे सायकलच्या वाटांवर ठरावीक ठिकाणी नंबर दिलेले असतात. एका नंबरपासून पुढच्या नंबरकडे बाण. घरून निघताना चार-पाच नंबर चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी हँडलला चिकटवायची आणि सुटायचं. ही पद्धत 1995 मध्ये शेजारच्या बेल्जियममध्ये, लिम्बुर्ग प्रांतात सुरू झाली आणि मग इकडे पसरली. मोबाईल खिशातच राहतो. तसाही सायकल चालवताना तो हातात धरणं इथे 2019 पासून बेकायदा आहे. मोबाईल खिशात गेला की डोळे मोकळे होतात हो, बाकी काही नाही.

अशाच एका रविवारी न्यूनेनला पोचलो. छोटंसं गाव. व्हॅन गॉग 1883 ते 1885 इथे राहायचा. बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं त्याचं प्रसिद्ध चित्र इथलंच. एका दिव्याखाली पाच जण जेवतायत. मला लोडशेडिंगच्या दिवसांतलं आमचं घर आठवलं. दुसऱ्या एका गल्लीत सुरिनामी दुकान सापडलं. तिथे कारली होती, चवळीच्या शेंगा होत्या! दुकानदार काकांच्या बोलण्यात मधूनच भोजपुरीसारखे शब्द यायचे. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या मजुरांना 1873 पासून जहाजाने सुरिनामला नेलं गेलं. त्यांच्यातल्या अनेकांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले. काका म्हणाले, "तू एकदा घर बदललंस. आम्ही दोनदा." त्या रात्री मी आईला गाव कसं आहे ते तासभर सांगितलं.

आता बाबांचं सांगतो. बाबा भोसरी एमआयडीसीत फिटर होते. चिंचवडहून सायकलने जायचे, पुढच्या दांडीवर डबा अडकवून. मी सहावीत असताना एका टेम्पोने त्यांना मागून उडवलं. मनगट मोडलं. सायकल पोटमाळ्यावर गेली आणि घरात हप्त्यावर स्कूटर आली. मी सायकल घेतल्याचं सांगितलं तेव्हा बाबांचा चेहराच पडला. "एवढं शिकून सायकलच?" मला वाटलं, त्यांना कमीपणा वाटतोय. पण थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिथे ट्रक किती असतात?"

मग मी त्यांना होवेनरिंग दाखवला. हा 2012 मध्ये बांधलेला गोल पूल आहे, फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी. 72 मीटर व्यासाचं कडं, मधोमध 70 मीटर उंच खांब आणि त्याला तारांनी टांगलेला पूल. गाड्या खालून जातात, आपण वरून. कठड्याशी थांबून कॅमेरा फिरवला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या तारांचं टोक जरा जवळून दाखव." फिटर शेवटी!

आणि हे सगळं इथल्या लोकांना आयतं मिळालेलं नाही बरं का. 1971 साली या चिमुकल्या देशात रस्त्यावर 3000 पेक्षा जास्त माणसं मेली. त्यात 400 हून अधिक लहान मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं, 'मुलांच्या हत्या थांबवा'. 1973 च्या तेलटंचाईत तर काही रविवार गाड्या बंद ठेवल्या. आजच्या या लाल वाटांमागे तो सगळा राग आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये घरी आलो. पोटमाळ्यावरची सायकल काढली, नवे टायर-ट्यूब टाकले, आणि मावसभावाची सायकल मी घेतली. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, बाबांच्या जुन्या वाटेने निघालो. बाबा पुढे, मी मागे. "इथे कटिंग घ्यायचो. इथे पावसात पाणी भरायचं." एका चौकाच्या अलीकडे ते उतरले. "इथे," एवढंच म्हणाले. मी काही बोललो नाही. मिनिटभर उभे राहिलो. मग परत सायकलवर बसले आणि चौक ओलांडून गेले.

पुढच्या रविवारी मी एकटाच चाकणला गेलो, संग्रामदुर्ग बघायला. 1660 मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट 50 हून जास्त दिवस लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे किल्ला पडला. आज थोडी तटबंदी उरलीय. तीन वर्षं मी रोज चाकणला यायचो, आणि इतिहासाच्या पुस्तकातला हा किल्ला एकदाही बघितला नव्हता. जसा डॉमेलला बघितलं नव्हतं, तसाच. म्हणजे परकेपणा काही नेदरलँड्समध्ये सुरू झाला नव्हता. तो मी इथूनच सोबत नेला होता.

खोटं सांगत नाही, हायवेवर कंटेनर शेजारून गेला की पोटात गोळा यायचा. त्यामुळे उद्यापासून सायकलने कामावर जा, असं मी अजिबात म्हणणार नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी तर नकोच. पण एखाद्या रविवारी, उजाडल्यावर, हेल्मेट घालून आणि मागे लाल दिवा लावून घरापासून तीन किलोमीटर तरी जा. पवनेचा घाट असेल, मोरया गोसावींची समाधी असेल, नाहीतर रोज ज्या स्टॉपवर बसची वाट बघता, त्याच्या मागची गल्ली असेल.

आणि घरात कोणाची जुनी सायकल धूळ खात पडली असेल, तर ती का पडलीय, ते एकदा विचारा. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट नक्की पाठवा.

चला, तुमचा स्टॉप आला असेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून जा!