भिंतीवरचा नेचा आणि भिंतीवरचा पिंपळ

पाऊस चांगला लागला की कांदिवलीतल्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगची मागची भिंत बघा. ड्रेनेजच्या पाइपाशेजारी, जिथे ओल कायम असते, तिथे दोन पाहुणे बरेचदा सापडतात. एक नेचा, म्हणजे फर्न. दुसरा पिंपळ. जुलैत दोघंही वीतभर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांचंही नाव एकच, 'झुडपं'. पण वीस वर्षं तशीच सोडली तर पिंपळ भिंत फोडतो आणि नेचा होता तेवढाच राहतो. का?

आपल्याला वाटतं, झाड उंच आणि नेचा बुटका, एवढाच फरक. पण नॉरफोक बेटावरचा वृक्षनेचा 20 मीटरपर्यंत जातो, म्हणजे सहा मजले! खरा प्रश्न उंचीचा नाही, जाडीचा आहे. पिंपळाच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतून लाकडाची भर घालत राहतो, खोडात आणि मुळातही. भेगेत शिरताना मूळ दोऱ्याएवढं असतं. पुढे ते मनगटाएवढं होतं, आणि भेगही तेवढीच रुंदावते. आजच्या नेच्यांत हा थर जवळपास नाहीच. त्यांची मुळं तारेसारखी बारीक असतात आणि बारीकच राहतात. आमच्या आयटीच्या भाषेत, डिझाइनच स्केल होत नाही.

मग तो सहा मजली नेचा उभा कसा राहतो? तर जुगाड करून. खोडातूनच मुळं फुटतात, खाली उतरतात आणि बुंध्याभोवती त्यांचं घट्ट वेष्टण तयार होतं. आपला माडही कॅम्बियमशिवायच वाढतो, पण तो आधी बुंधा रुंद करून घेतो आणि मग वर निघतो. शेंडा मेला की माड संपला, बहुतेक वृक्षनेच्यांचंही तसंच. पिंपळाचं उलट आहे. वरून छाटा, बाजूने चार फांद्या काढेल. म्हणून दरवर्षी कोयता फिरवून काही होत नाही.

बरं, हे येतात कुठून? पिंपळाचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून येतं. नेच्याला बीच नसतं. पानामागचे तपकिरी ठिपके (रोग नाहीये तो!) म्हणजे बीजाणूंचे पुंजके. बीजाणूतून नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. त्यावर नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जाते, तेव्हा कुठे नवा नेचा. पाणी नाही तर नेचा नाही.

त्यामुळे भिंतीवर नेचा दिसला तर आधी प्लंबरला बोलवा, पाइप गळतोय का बघायला. पिंपळ मात्र वीतभर असतानाच मुळासकट काढून घ्या. एकदा त्याचं झाड झालं की महापालिकेची परवानगी लागते, आणि तोवर मूळ कुणाच्या तरी बाथरूमपर्यंत पोहोचलेलं असतं.