नडगी दुखते तेव्हा



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो गझल ऐकवणार, अशी तुमची तयारी असेल. आज तसं काही नाही. मी पळण्यावर बोलणार आहे. आमच्या मोहल्ल्यातले लोक यावर हसतात. म्हणतात, या माणसानं जन्मभर सभागृहात पायऱ्या चढताना धाप टाकली, आणि आता हा पळण्यावर बोलतोय!

गोष्ट अशी की २०२१ साली माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून फजरची नमाज झाली की घरी न येता परस्पर मैदानावर जायला लागलो. बीडला पहाटेच्या मैदानावर दोन प्रकारची माणसं असतात. एक माझ्यासारखी, डॉक्टरांनी पाठवलेली. कानटोपी, स्वेटर, आणि बोलणं जास्त, चालणं कमी. दुसरी भरतीची पोरं. पोलीस भरती, सैन्य भरती. ही अंधारात येतात, बोलत नाहीत, आणि फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. आपल्या जिल्ह्यात हौस म्हणून पळणारा माणूस तसा विरळाच. इथं पळायचं ते नोकरीसाठी.

त्यांना बघून मलाही सुरसुरी आली. शाळेत कबड्डी खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर पळत सुटलो. पहिल्या दिवशी चारशे मीटरची एक फेरीसुद्धा पुरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी जिद्दीनं पुरी केली. आठवड्यात चार फेऱ्यांवर गेलो आणि घरी बायकोला सांगून टाकलं की महिन्याभरात पाच किलोमीटर. दहाव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला, तर टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. दहा-वीस पावलं टाकली की कमी व्हायची, दुसऱ्या दिवशी उठलं की पुन्हा तीच. तळव्याखाली टाचेपासून बोटांकडे जाणारा एक जाड पडदा असतो, तो ताणला गेला की असं होतं. मग पोटरीचे आणि तळव्याचे ताण, थोडा बर्फ, घरात अनवाणी फिरणं बंद. तीन महिने गेले. नमाजला सजद्यातून उठताना बोटांवर भार येतो, तेव्हा रोज पाच वेळा माझा उतावळेपणा मला आठवायचा.

नंतर शहाणा झालो. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. पंधरा दिवसांनी पळणं दोन मिनिटं. एवढ्या सावकाश की शेजारचा चालणारा माणूस मला मागे टाकून जायचा आणि वर सलामही करायचा. वेग बरोबर आहे की नाही हे कळायला घड्याळ लागत नाही. पळता पळता बोलता आलं पाहिजे. मी माझ्याच गझलेचा शेर पुटपुटतो. दोन्ही ओळी न तुटता म्हणता आल्या तर वेग ठीक. रदीफपाशी दम तुटला तर कमी करतो. चौथ्या महिन्यात मी सलग अर्धा तास पळालो. पाच किलोमीटरला आजही चाळीस मिनिटं लागतात. त्यात मला काही कमी वाटत नाही.

हे झालं माझं. खरं बोलायचंय ते वेगळंच आहे.

तुम्हाला अविनाश साबळे माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आई-वडील मजुरी करणारे, शाळा सहा किलोमीटर लांब, आणि हा पोरगा तेवढं अंतर कधी चालत, कधी पळत जायचा. बारावी झाल्यावर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. शर्यतीचं पळणं त्यानं सैन्यात गेल्यावर सुरू केलं. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस वेळा अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यायची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य मिळवलं. पहिला आलेला केनियाचा धावपटू त्याच्या पुढे होता तो फक्त पाच शतांश सेकंदानं. त्या दिवसांत बीडमध्ये चहाच्या टपरीवरही स्टीपलचेसवर चर्चा चालायची. ज्यांनी जन्मात हा शब्द ऐकला नव्हता ते अडथळ्याची उंची सांगायचे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलीस भरतीची जाहिरात निघाली. आमच्या शेजारी एक पोरगा आजीजवळ राहतो. आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. आपल्याकडच्या लाखो माणसांचं वर्ष असंच कापलं जातं. या पोराला कोयता हातात घ्यायचा नव्हता. जाहिरात निघेपर्यंत तो आठवड्यातून तीन दिवस पळायचा. सोळाशे मीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत पळालं तर वीसपैकी वीस गुण. मधले तीस सेकंद कमी करायचे होते आणि हातात जेमतेम दोन महिने. त्यानं सातही दिवस पळायला सुरुवात केली, वर संध्याकाळी बायपासच्या डांबरी रस्त्यावर. बूट आठवडी बाजारातले, तळ एका बाजूला झिजून पार सपाट झालेला.

डिसेंबरात एकदा मैदानावर मला म्हणाला, "चाचा, नडगी दुखती."

मी काय म्हणालो सांगतो. म्हणालो, "अरे, दुखल्याशिवाय काही मिळतं का? साबळेचं काय दुखलं नसेल?"

आम्हा कवींना दुःखाचा फार लळा असतो. दर्द म्हटलं की आमचा हात आपोआप वहीकडे जातो. तीस-पस्तीस वर्षं मी वेदनेला मोठं करत आलो, आणि तीच सवय त्या दिवशी एका पोराच्या पायावर लावली. त्यानं ती मानली. चाचा शिकलेले, चाचांची पुस्तकं निघाली आहेत. मेडिकलवरून गोळ्या आणल्या, नडगीला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पळत राहिला. अठरा दिवसांनी तिसऱ्या फेरीत तो खाली बसला आणि उठलाच नाही. आम्ही दोघा-तिघांनी उचलून रिक्षात घातलं.

एक्स-रे साफ आला. आजी म्हणाली, शुक्र आहे. तिला माझ्या तोंडचे शब्द आता पाठ झालेत. पण डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबत वरून खाली नेला आणि एका जागी पोरगा ओरडला. डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक तडा आहे, एवढ्यात फोटोत दिसणार नाही. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला, तेव्हा भरत आलेल्या हाडाची रेघ दिसली. आठ आठवडे पळणं बंद. जानेवारी २०२३ मध्ये मैदानी चाचणी झाली तेव्हा हा घरात खाटेवर होता.

त्याच्या आईचा फोन आला, फडातून. मागे ट्रॅक्टरचा आवाज. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही रोज मैदानावर होते ना? तुम्ही तर बघत होते." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून, वाचून थोडं समजून घेतलं. ते आधी कळायला हवं होतं. पळायला लागलं की दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. माणसाला वाटतं आपण तयार झालो. पण हाडं आणि शिरा यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की ते आधी जुना भाग काढतं आणि मग नवा भरतं. घर दुरुस्त करताना आधी भिंत पाडावी लागते तसंच. त्या मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि नेमका तोच काळ आपण जोर वाढवण्याचा असतो. जाहिरात वर्ष वर्ष निघत नाही, निघाली की दोन महिन्यांत सगळं करायचं. आपल्या पोरांच्या नडग्या अशा मोडतात. आळशी पोरांच्या नाही, कष्टाळू पोरांच्या.

दुखण्यादुखण्यात फरक आहे. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या जडावल्या, दोन दिवसांत उतरल्या, तर ती मेहनत. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर ठणका लागतो, तेव्हा पळणं निम्म्यावर आणावं, मऊ मातीवर जावं. पण दुखणं एका बोटाच्या जागेवर बोट ठेवून दाखवता येत असेल, चालतानाही दुखत असेल, रात्री झोपेत जाणवत असेल, तर त्या दिवशी पळणं थांबवायचं आणि डॉक्टर गाठायचा. गोळी खाऊन तर मुळीच पळायचं नाही. गोळी निरोप दाबते, तडा तसाच वाढतो. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते, तीही बहुतेक एकदम वाढवलेल्या अंतराचीच असते. मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मैदानावर कुणी सांगत नाही. पळणं वाढलं, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी चुकायला लागली, तर हाडंही कमजोर होत असतात. लाजू नका, आईला सांगा, डॉक्टरीणबाईंना दाखवा.

आणि साबळेचं म्हणाल, तर मी त्या पोराला त्याची अर्धीच गोष्ट सांगितली होती. घोट्याच्या दुखापतीमुळे साबळे २०१८ च्या आशियाई स्पर्धेला मुकला होता. तो सावरला आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंदात पळून त्यानं गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आशियाई सुवर्ण त्याला पुढच्या खेपेला, २०२३ मध्ये हांगझोऊला मिळालं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पुन्हा थांबणं आलं.

आमचा पोरगा जून २०२४ च्या भरतीत उतरला. सोळाशे मीटर पाच मिनिटं चोवीस सेकंदात, अठरा गुण. लेखी परीक्षेत मागे पडला. यादी लागली त्या दिवशी तो घरी आला नाही, मीच शोधत गेलो तर मैदानाच्या कट्ट्यावर बसलेला. मी शेजारी बसलो, आणि त्या दिवशी एक शब्दही बोललो नाही. एवढं मला जमलं.

आता तो एका दुकानात हिशोब बघतो, रात्री अभ्यास करतो. वयाची अट अजून त्याच्या बाजूनं आहे. पहाटे मैदानावर येतो, माझ्याबरोबर दोन फेऱ्या चालतो, मग आपलं पळतो. नवी पोरं आली आणि एखादा लंगडताना दिसला की हा त्याला बोलावतो, खाली बसवतो, पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावतो आणि अंगठा नडगीवर दाबत वरून खाली नेतो. परवा एका पोरानं "आई गं" केलं. त्यानं वर बघितलं, मला हाक मारली, "चाचा, रिक्षा बघा."